नावं सरकून जातात

शेर खानच्या आत एक माणूस आहे, हे आमच्या घरात सगळ्यांत आधी वडिलांना कळलं, आणि तेही टीव्हीकडे पाठ असताना. 1993 सालची गोष्ट. रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'जंगल बुक' लागायचं. साताऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत शेजारपाजारची पोरं धरून चटईवर जागा उरत नसे. वडील खिडकीतल्या आरशात बघून दाढी करत होते. वाघ गुरगुरला, दोन वाक्यं बोलला, आणि वडील गालावरचा साबण तसाच ठेवून वळले. "अरे, हा नाना आहे!" त्यांनी जयवंत दळवींचं 'पुरुष' नाट्यगृहात बसून पाहिलं होतं. त्यातला गुलाबराव त्यांच्या कानात इतका बसला होता की नाना पाटेकरांना वाघाच्या कातड्यातही लपता आलं नाही.

आम्हा मुलांसाठी तोवर वाघ हा वाघच होता. त्या सकाळपासून मला एकाच वेळी दोघं दिसायला लागले. एक खडकावरून खाली बघणारा वाघ, आणि दुसरा कुठल्याशा बंद खोलीत माईकसमोर उभा राहून पोटातून आवाज काढणारा माणूस. वाघाची भीती त्याने तसूभरही कमी झाली नाही, उलट वाढली. आणि मला एक नाद लागला, जो अजून सुटलेला नाही: आवडत्या चित्रामागचा माणूस शोधून काढायचा.

लहानपणीची कार्टूनं आपण फार मायेनं जपतो. चार समवयस्क भेटले की मोगली, वेताळ, अंकल स्क्रूज, चिंटू यांच्यावर तास निघून जातो. ज्यांनी ही मंडळी कागदावर उतरवली, त्यांची नावं मात्र त्या तासात एकदाही निघत नाहीत. मला हे सलतं. गाणं ऐकताना आपण गायिकेचं, संगीतकाराचं, गीतकाराचं नाव हक्काने विचारतो. नाटकाला जाताना नटाचं नाव वाचून तिकीट काढतो. मग ज्या चित्रांनी आपल्याला हसायला, घाबरायला, दुसऱ्यासाठी हळवं व्हायला शिकवलं, त्यांच्या बाबतीतच असं का?

मोगलीचंच घ्या. रुडयार्ड किपलिंगचा जन्म 1865 साली मुंबईत, सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात झाला. वडील तिथे शिल्पकला शिकवत. 'द जंगल बुक' आलं 1894 साली, आणि त्यातल्या गोष्टी त्याने लिहिल्या अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये, बर्फाच्या मुलखात बसून. जंगल मात्र आपल्या शेजारचं, मध्य प्रदेशातल्या सिवनीचं. तिथला पेंचचा वनपट्टा सरळ नागपूर जिल्ह्यात उतरतो. पुढे 1989 साली जपानच्या निप्पॉन ॲनिमेशन या स्टुडिओने यावर 52 भागांची मालिका केली, दिग्दर्शक होते फुमिओ कुरोकावा. ती हिंदीत आली तेव्हा शीर्षकगीत लिहिलं गुलजारांनी, चाल लावली विशाल भारद्वाज यांनी. म्हणजे आम्ही साताऱ्यात चटईवर बसून जे बघत होतो, ते मुंबईत जन्मलेल्या इंग्रजाने अमेरिकेत लिहिलेलं, जपानी हातांनी काढलेलं आणि मुरुड-जंजिऱ्याकडच्या एका नटाच्या घशातून आलेलं सिवनीचं जंगल होतं. इतक्या दूरदूरच्या माणसांनी मिळून एक लंगोटीतला पोरगा उभा केला आणि तो आम्हाला आमच्याच आळीतला वाटला.

त्या पोराच्या हातात वाकडं लाकूड असायचं, फेकलं की परत येणारं. ते बघून गल्लीतल्या मुलांनी बाभळीच्या फांद्या तासल्या. एकही परत आली नाही, पण त्या तासताना जो आनंद मिळाला, तोही शेवटी कुणीतरी टोकियोत टेबलावर वाकून काढलेल्या रेषेतूनच आला होता.

त्या काळी हे काम हाताने व्हायचं. मुख्य चित्रकार हालचालीतल्या ठळक अवस्था काढायचा: उडी मारण्यापूर्वीचा वाघ, हवेतला वाघ, जमिनीवर टेकलेला वाघ. मधली सगळी चित्रं दुसरे, बहुधा तरुण, चित्रकार भरत जायचे. मग प्रत्येक चित्र पारदर्शक सेल्युलॉइडच्या तावावर, म्हणजे 'सेल'वर, उतरवायचं, ताव उलटा करून मागच्या बाजूने रंग भरायचा, खाली रंगवलेलं जंगल ठेवायचं आणि कॅमेऱ्याने एकेक चौकट टिपायची. सिनेमाच्या फितीवर सेकंदाला 24 चौकटी धावतात. टीव्हीच्या मालिकेत तेच चित्र दोनतीन चौकटी ठेवून हात वाचवला जायचा, तरी एका भागाला काही हजार चित्रं लागायचीच. ज्याने शेर खानच्या शेपटीची मधली सात चित्रं काढली, त्याचं नाव कदाचित शेवटच्या यादीत असेल. ती यादी सरकू लागेपर्यंत आम्ही अंगणात पळालेले असायचो.

मला सगळ्यांत जास्त ज्या चित्रपटाबद्दल बोलायचं आहे, तो जेमतेम सात मिनिटांचा आहे. 'एक अनेक और एकता'. नावाने कदाचित चटकन आठवणार नाही, पण चिमण्यांचं गाणं म्हटलं की पन्नाशीच्या आतबाहेरचा कुठलाही वाचक मनातल्या मनात चाल धरेल. बागेतली मुलं 'अनेक' म्हणजे काय असं विचारतात, ताई समजावते, आणि मग पारध्याच्या जाळ्यासकट उडून जाणाऱ्या पाखरांची ती गोष्ट येते. शेवटी उंदीर जाळं कुरतडतात. पंचतंत्रातली गोष्ट, पण इतक्या मोजक्या रेषांत सांगितलेली की एकही रेष काढून टाकता येऊ नये. दूरदर्शनने ती दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात वर्षानुवर्षं दाखवली. आमच्या पिढीचं राष्ट्रीय शिक्षण जर कुठे झालं असेल तर ते नागरिकशास्त्राच्या पुस्तकात नव्हे, या सात मिनिटांत झालं, असं मी छातीठोकपणे म्हणते.

हा चित्रपट 1974 सालचा, फिल्म्स डिव्हिजनचा. दिग्दर्शिका विजया मुळे. मुंबईत 1921 साली जन्मलेली ही मराठी बाई. लग्नानंतर पाटण्याला गेली, पुढे शिष्यवृत्तीवर इंग्लंडमध्ये लीड्सला शिकायला गेली, तिथे फिल्म सोसायटीची गोडी लागली आणि परत आल्यावर सत्यजित राय यांच्यासारख्यांबरोबर देशात फिल्म सोसायटीची चळवळ उभी करायला तिने हात दिला. मुलांना शिकवण्यासाठी सिनेमा वापरायचा, हा तिचा आयुष्यभराचा ध्यास. ओळखीचे लोक तिला 'अक्का' म्हणत. 'भुवन शोम'मधली ती चुणचुणीत मुलगी आणि 'लगान'मधली भुवनची आई झालेल्या सुहासिनी मुळे या तिच्याच कन्या. विजयाबाई 2019 साली दिल्लीत गेल्या, 98 वर्षांच्या होऊन. मी ती बातमी वाचली तेव्हा आजूबाजूच्या बऱ्याच जणांना विचारलं. गाणं प्रत्येकाला येत होतं. बाई कुणालाच माहीत नव्हत्या.

आणि त्या एकट्या नाहीत. संगीत वसंत देसाईंचं. सिंधुदुर्गातला हा माणूस प्रभातमध्ये वाढला, शांतारामबापूंच्या चित्रपटांना त्याने चाली दिल्या, आणि 1975 च्या डिसेंबरात लिफ्टच्या अपघातात गेला. म्हणजे चिमण्यांचं हे गाणं त्यांच्या अगदी अखेरच्या कामांपैकी एक. मुलांना समजावणारा तो कोवळा आवाज साधना सरगम यांचा. त्या दाभोळच्या, आणि तेव्हा स्वतःच लहान मुलगी होत्या. चित्रं आणि सजीवीकरण भीमसेन यांचं. फाळणीपूर्वीच्या मुलतानमध्ये जन्मलेला हा माणूस फिल्म्स डिव्हिजनमध्ये पार्श्वभूमी रंगवायचं काम करायला आला होता. पुढे त्यांनीच 'घरौंदा' काढला, मुंबईत डोक्यावर छप्पर शोधणाऱ्या जोडप्याचा. पाखरांना एकजुटीने उडवणाऱ्या माणसाला घर शोधणाऱ्या दोघांची गोष्ट सुचावी, याचं मला मुळीच नवल वाटत नाही.

भीमसेन ही कला शिकले ते राम मोहन यांच्याकडे. मुंबईच्या पेडर रोडवरच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये 1956 साली कार्टून विभाग सुरू झाला, तेव्हा डिस्नेकडचा एक कसलेला चित्रकार, क्लेअर वीक्स, तिथे शिकवायला आला. त्याने 'बॅम्बी' आणि 'पीटर पॅन'वर काम केलेलं. त्याचा जन्मही भारतातला, मिशनरी आईवडिलांच्या पोटी. त्याच्या हाताखाली जातककथेवरचा 'बनियन डिअर' 1957 साली तयार झाला आणि राम मोहन यांच्यासारखी माणसं घडली. तशी आपल्याकडे ही खटपट त्याआधीचीच. फाळक्यांनी 1915 मध्ये काड्यापेटीतल्या काड्या हलवून 'आगकाड्यांची मौज' केली होती, आणि प्रभातने 1934 मध्ये 'जंबूकाका' नावाचा कार्टूनपट काढला होता. एवढी जुनी परंपरा महाराष्ट्रात असताना आपल्या शाळांतून तिचा उल्लेखही नसावा, ही मला साधी उपेक्षा वाटत नाही. हा आपल्या सांस्कृतिक इतिहासातला खड्डा आहे.

पडद्यावरून जरा कागदावर येते. मामाच्या घरी माळ्यावर इंद्रजाल कॉमिक्सचे गठ्ठे होते. टाइम्सवाल्यांनी 1964 साली ही माला सुरू केली आणि 1990 साली ती बंद पडली. इंग्रजीतला फँटम मराठीत 'वेताळ' झाला होता, आणि कवटीची गुहा, कवटीची अंगठी, घोडा, लांडगा हे सगळं आम्हाला पाठ होतं. ली फॉकने 1936 साली निर्माण केलेलं हे पात्र. मला मात्र वेताळापेक्षा जास्त जवळचा वाटला तो बहादूर. भगवा कुर्ता, खाली जीन्स, दरोडेखोराचा मुलगा, आणि गावकऱ्यांना दरोडेखोरांविरुद्ध उभं करणारा. वेताळ एकटा येऊन सगळ्यांना वाचवायचा. बहादूर लोकांना आपला बचाव करायला शिकवायचा. 1976 साली हे पात्र आबिद सुरतींनी लिहिलं आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी रेखाटलं. इंद्रजालची देखणी मुखपृष्ठं रंगवणारे बी. गोविंद ते हेच. सुरतींचं मला विशेष वाटतं ते पुढच्या आयुष्यासाठी. उतारवयात त्यांनी मीरा रोडला, दर रविवारी एक प्लंबर बरोबर घेऊन, लोकांच्या घरचे गळके नळ फुकट दुरुस्त करायला सुरुवात केली. पाणी वाया जाऊ नये एवढ्यासाठी. बहादूर म्हातारा झाला असता तर त्याने नेमकं हेच केलं असतं.

नाव हरवण्याची सगळ्यांत विलक्षण कहाणी आहे ती अंकल स्क्रूजच्या चित्रकाराची. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर हिंदीतून 'डक टेल्स' लागायचं. नाण्यांच्या ढिगात सूर मारणारा तो म्हातारा बदक, त्याचे तीन खटपटे नातू, तिजोरीवर टपलेली दरोडेखोरांची टोळी. हे पात्र 1947 साली काढलं कार्ल बार्क्सने. डिस्नेच्या स्टुडिओतली नोकरी सोडून तो घरी बसून बदकांच्या चित्रकथा लिहायचा आणि काढायचा, पानाच्या हिशेबाने पैसे घ्यायचा. छापलेल्या अंकावर नाव एकच असायचं, वॉल्ट डिस्नेचं. पण मुलं फसत नाहीत. अमेरिकेतल्या मुलांनी, एकमेकांना न भेटता, ओळखलं की या अंकांमध्ये एक हात वेगळा आहे. त्याची बदकं जास्त जिवंत आहेत, त्याच्या डोंगरांना खोली आहे, त्याच्या गोष्टीत दुःख आहे. नाव ठाऊक नसल्यामुळे ती त्याला 'चांगला बदकवाला' म्हणू लागली. साधारण 1960 च्या सुमारास एका चाहत्याने चिकाटीने प्रकाशकांना पत्रं लिहून त्याचा पत्ता मिळवला. तेव्हा बार्क्स साठीला टेकला होता. आपली चित्रं कुणी इतक्या बारकाईने बघतंय, याची त्याला तोवर कल्पनाही नव्हती. पुढे तो जवळजवळ शंभर वर्षं जगला, 2000 साली गेला, आणि त्याला उत्तरायुष्यात सगळा मान मिळाला. मुलांच्या नजरेने तो मिळवून दिला. कंपनीने नव्हे.

मुलांना हात ओळखता येतो, हे मी मानते. टॉम आणि जेरीच्या जुन्या आणि नव्या फिती एकामागून एक लावा, पाच वर्षांचं मूलही सांगेल कुठल्या 'खऱ्या' आहेत. त्या खऱ्या फितींमध्ये टॉमची शेपूट चिमटली की तो जी किंकाळी फोडतो, ती दिग्दर्शक विल्यम हॅनाने स्वतःच्या गळ्यातून काढलेली. शब्द नसलेल्या त्या धावपळीला स्कॉट ब्रॅडलीचं संगीत पावलागणिक सांभाळतं. इतकी मेहनत मूल शब्दात सांगू शकत नाही, पण ती त्याच्यापर्यंत पोचते.

या सगळ्यात एक पात्र असं होतं की ज्याच्या निर्मात्यांची नावं आम्हाला लहानपणीच ठाऊक होती. 21 नोव्हेंबर 1991 रोजी पुण्याच्या 'सकाळ'मध्ये 'चिंटू' सुरू झाला. साताऱ्याला पुण्याचाच अंक यायचा. सकाळी पेपर आला की आधी बातम्या वडिलांच्या की आधी चिंटू आमचा, यावर रोज झटापट व्हायची, आणि शेवटी आई तेवढं पान सुटं करून आमच्या हाती द्यायची. चिंटू, पप्पू, मिनी, राजू, बगळ्या, जोशीकाकू. काही महापराक्रम नाही. कैऱ्या, क्रिकेट, गृहपाठ, आईची बोलणी. पण ते मराठी घर होतं. पडद्यावरचा मोगली हिंदी बोलायचा, वेताळ मराठीत बोलला तरी राहायचा आफ्रिकेच्या जंगलात. चिंटूच्या घरातली आई मात्र अगदी आमच्या आईसारखी कमरेवर हात ठेवून उभी राहायची. आणि चित्राबरोबर दोन नावं असायची: चारुहास पंडित, प्रभाकर वाडेकर. रोज. मला वाटतं, त्या दोन नावांमुळेच आमच्या वर्गातल्या कितीतरी मुलांनी वहीच्या मागच्या पानावर चौकटी आखल्या आणि कोपऱ्यात स्वतःचं नाव घातलं. चित्र हे कुणीतरी काढतं, ते काढणारा माणूस पुण्यात राहतो, बसमध्ये चढतो, चहा पितो, हे कळलं की आपणही काढू शकतो असं मुलाला वाटतं. नाव छापण्याचा खरा उपयोग मला हाच दिसतो. मान मिळतो तो मिळतोच, पण पुढच्या मुलाला वाट दिसते.

आज माझी भाची टॅबवर कार्टून बघते. भाग संपला की कोपऱ्यात आकडे उलटे धावायला लागतात आणि नावं यायच्या आत पुढचा भाग सुरू होतो. आमच्या वेळी निदान नावं सरकायची, आम्ही पळायचो. आता पळायची जबाबदारीही यंत्राने घेतली आहे. आणि नेमक्या याच काळात आपल्याकडे हे काम कधी नव्हे एवढं वाढलं आहे. 2008 पासून हैदराबादेत राजीव चिलका यांच्या स्टुडिओत 'छोटा भीम' तयार होतो, 'मोटू पतलू' मुंबईत तयार होऊ लागला. मधली चित्रं जुळवणारी, हालचाली घडवणारी, आवाज देणारी तरुण मुलंमुली आता आपल्याच गावांतून जातात. एखादी साताऱ्याचीही असेल. तिच्या आईने तरी ते नाव पडद्यावर वाचायला नको का?

म्हणून मी भाचीबरोबर बसते तेव्हा ते धावणारे आकडे थांबवते. ती कुरकुरते, मग वाचायला लागते. लांबलचक आडनावं वाचताना तिला मजा वाटते. परवा तिने एका पार्श्वभूमी रंगवणाऱ्याचं नाव वाचून विचारलं, "हे फक्त आकाश रंगवतात का?" मी सांगितलं, झाडंही रंगवत असतील. तेव्हापासून ती आकाश बघते. पात्रांच्या मागचं.

वाचकांना माझी एवढीच विनंती आहे. घरातलं मूल कार्टून बघत असेल तर शेवटची नावं पूर्ण जाऊ द्या, त्यातलं एखादं मोठ्याने वाचा. आणि दुसरी विनंती जास्त निकडीची. पेडर रोडवरच्या त्या कार्टून विभागात ज्यांनी सेल रंगवले, रेषा उतरवल्या, कॅमेऱ्याखाली ताव बदलले, त्यांच्यातली जी माणसं आज आहेत, ती आता खूप थकली असतील. तुमच्या नात्यात, शेजारात, ओळखीत असं कुणी असेल तर त्यांच्याकडे जा, त्यांनी कोणत्या चित्रपटातलं कोणतं चित्र काढलं ते विचारा आणि लिहून ठेवा.